पांढऱ्या मातीची पाटी

वैशाखात ऊन डोक्यावर आलं की आमच्या गावच्या सभागृहाचा पत्रा वाजायला लागतो. आधी एका कोपऱ्यात टण् होतं, मग मध्येच कुठंतरी, मग सगळीकडून, वरून कुणी मुठीमुठीनं खडे टाकावेत तसं. पत्रा तापून फुगतो आणि जिथं आवळलाय तिथं अडतो, त्याचा तो आवाज. माझं माहेरचं घर त्या सभागृहासमोरच आहे. मी धाराशिवला राहते, पण वैशाखात भावाकडे चार दिवस जाऊन येते. आंबे खायला जाते असं सांगते. खरं म्हणजे तो आवाज ऐकायला जाते. ओट्यावर बसायचं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि ऐकायचं. आत एखाद्या लग्नाची जेवणं चालू असली तर माणसं ताट हातात घेऊन बाहेर लिंबाखाली येताना दिसतात. तेही मी बघते. पोट भरेपर्यंत बघते.

ते सभागृह मी बांधणार होते. दगड आणि चुन्याच्या भिंती, आत लाकडाचे खांब, वर मातीचं छत. उभं राहिलं ते काँक्रीटचे खांब, सिमेंटच्या विटा आणि पत्रा.

वैशाख म्हणजे आमच्याकडे माळवदाला माती घालायचा महिना. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खाली तुळया, त्यावर दांडे, त्यावर तरवडाच्या फांद्या अंथरलेल्या आणि त्यावर पांढरी माती. शेताची ती काळी आणि गाव जिच्यावर वसलेलं असतं ती पांढरी. पांढरी चिकट, बसली की पाण्याला आत येऊ देत नाही. मृगाच्या आधी प्रत्येक घरातून पाट्या निघायच्या. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून माती वर न्यायच्या, पुरुष ती पसरायचे, मग पाणी शिंपडून धोपटण्यानं ठोकायचे. सगळ्या गावातून एकदम धप् धप् ऐकू यायचं. ओल्या पांढरीचा वास आंबट असतो. कुणाला तो छान वाटतो, मला नुसता ओळखीचा वाटतो. माती वाळली की त्याच माळवदावर कुरडया पडायच्या, आणि त्या राखायला मी काठी घेऊन बसायचे. तळपाय भाजायचे. खाली घरात उतरलं की शहाबादी फरशी अशी गार लागायची की आधी पाय टेकायचे आणि मगच चपला शोधायच्या.

हे सगळं छान होतं आणि याच्यात एक मोठी चूक होती. दरवर्षी नवी माती वर जायची, जुनी कुणी खाली उतरवायचं नाही. आजोबांनी घातलेली, वडिलांनी घातलेली, त्यावर यंदाची. छतावरून माती खाली आणणं म्हणजे घराची बरकत खाली आणणं, असं बायका म्हणायच्या. त्यामुळं छतं पिढ्यानपिढ्या जाड होत गेली. खाली चिखलात रचलेल्या दगडांच्या भिंती, वर तो भार.

मग भूकंप झाला. आमच्या घरातली दोन माणसं गेली. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. मी तेव्हा सोलापूरला वसतिगृहात होते, एवढं मात्र लिहायला हवं, कारण पुढं ते माझ्या तोंडावर फेकलं गेलं.

इंजिनिअरिंग शिकत होते म्हणून म्हणा किंवा रडण्यापेक्षा मोजणं मला सोपं जातं म्हणून म्हणा, मी त्या पडलेल्या गावात टेप घेऊन फिरले. कुठली भिंत कशी पडली, कुठली का उभी राहिली. दिसलं ते असं: भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना धरून नव्हते, मध्ये नुसता भराव होता. जिथं छत भिंतींवर टेकलेलं होतं तिथं सगळं खाली आलं. जिथं आतून लाकडाचे खांब होते तिथं भिंती बाहेर कोसळल्या आणि छत तसंच वर राहिलं. म्हणजे दोष दगडाचा नव्हता. तो रचण्यात होता आणि वरच्या ओझ्यात होता. पण ज्यांनी आपली माणसं दगडाखालून काढली त्यांना हे सांगायला धीर लागतो. तो गोळा करायला मला बरीच वर्षं लागली.

नवं गाव वसलं, सरळ रांगांत, काँक्रीटचं. लोकांनी घरात कडबा आणि पोती भरली आणि पुढं पत्र्याचं शेड टाकून त्यात स्वतः राहायला लागले. गावाला सभागृह मंजूर झालं तेव्हा मी नकाशा घेऊन गेले. जुन्या गावातले दगड पडून होते. ते वेचून, घडवून घ्यायचे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड जागोजागी बसवायचे. जोत्यावर, दारांच्या डोक्यावर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा फिरवून सगळी इमारत कमरपट्ट्यासारखी बांधून टाकायची. छताचा भार लाकडी खांबांवर. आणि माती फक्त चार बोटं. दगड घडवून रास लागलीही होती. तेव्हा ग्रामसभा झाली. दिवस वैशाखाचेच होते.

नाना उभे राहिले. नाना म्हणजे आमचे सरपंच, आमच्या जुन्या घराच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. भूकंपाच्या पहाटे ते शेतावर होते म्हणून वाचले, आणि पळत येऊन त्यांनी नुसत्या हातांनी माणसं उकरली. हे खरं आहे. माझ्या चुलतीला त्यांनीच बाहेर काढलं. म्हणून गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही.

"ही पोरगी," नाना म्हणाले, "आपल्याला परत दगडाखाली घालाया निघालीय."

मी पट्टे दाखवायला लागले.

"पट्टे-बिट्टे ऱ्हाऊ दे. तू व्हतीस का त्या दिवशी? न्हाय ना? मंग बस खाली. ज्यानं उकरलंय त्याला इचार दगड काय असतोय."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मी खाली बसले. मला बोलता आलं असतं. पण त्या म्हातारीसमोर टेप आणि पट्टा घेऊन काय बोलणार?

आठवड्याच्या आत नानांच्या भाच्याचं मिक्सर गावात येऊन उभं राहिलं. काँक्रीटचं काम त्याला मिळालं. घडवलेल्या दगडांची रास ट्रॉलीतून गेली आणि नानांच्या मळ्याची कंपाउंड भिंत होऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ज्या दगडांखाली माणसं मेली म्हणून ते सभेत गहिवरले, तेच दगड त्यांना आंब्याच्या झाडांभोवती चालले.

काम जाणं हे माझ्या धंद्यात नेहमीचं आहे. कामं जातात, नकाशे गुंडाळून माळ्यावर जातात, मी जेवते आणि झोपते. पण आमच्या मेलेल्या माणसांना त्यांनी कंत्राटाच्या कामाला लावलं. ते मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

एक समाधान मात्र लवकर मिळालं. ती कंपाउंड भिंत त्यांनी आरपार दगड न घालता रचली, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिला पोट सुटलं. मी गाडी थांबवून त्यांना सांगितलं, "नाना, भिंत पोटुशी राहिलीय. पाडून नीट रचा, नाहीतर रस्त्यावर येईल." सांगणं माझं काम होतं. ते चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात सांगणं कामाचा भाग नव्हतं. तो माझा आनंद होता.

शेजारच्या वाडीतल्या कौसल्याबाई माझ्या ऑफिसात आल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. त्या वाडीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष. बरोबर दोघी होत्या. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी भिंतीला हात लावून बघितला, तापलीय का म्हणून.

"ताई, तुमचा त्यो दगडाचा नकाशा हाय का, का फेकला?"

"आहे. कशाला?"

"आमच्या वाडीला पायजे. नानाच्या पत्र्याखाली औंदा माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवाला चक्कर आली. आमच्या सासूबाई म्हनल्या, पोराचा आजार लपवलाय व्हय? लगीन मोडतंय का काय असं झालं. आता म्या ठरिवलं, वाडीचं सभागृह गारच पायजे."

मी म्हटलं, दगड जुन्या गावातले आणावे लागतील, मातीही तिथलीच. लोक अशुभ म्हणतील.

"माती काय मेलेली असती व्हय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "आन् म्हनतील ते म्हनू द्या. त्यास्नी पत्र्याखाली बशिवते."

त्या बांधकामाचे दोन उन्हाळे माझ्या अंगात अजून आहेत. चुन्याचा घाणा कित्येक वर्षांनी पुन्हा फिरत होता. गोल चरात चुना आणि वाळू, त्यावरून बैलांनी ओढलेलं दगडी चाक. चुन्यात गुळाचं पाणी घालायचो, त्यामुळं गांधीलमाश्या यायच्या आणि बैल अधूनमधून उधळायचे. ओल्या चुन्यानं बोटांची कातडी सोलून निघते. त्यावर खोबरेल चोळून मी धाराशिवला परत यायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. उमरग्याचे इस्माईलचाचा गवंडी होते. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. एकदा मी दोन दिवस आले नाही तर त्यांनी एका भिंतीत आरपार दगड गाळले. लांब दगड घडवायचा कंटाळा, दुसरं काही नाही. मी ती भिंत पाडायला लावली.

"अरे बाई, इत्ती मजबूत दीवार कू कोन गिराता?" चाचा ओरडले.

"मी गिराती," मी म्हटलं.

"तुमारे कू नानाका गुस्सा है, मेरे दीवार पे कायकू निकाल रै?"

सगळे हसले. मीही हसले, पण भिंत पाडून घेतली. चाचांचं बोलणं तसं खोटं नव्हतं. त्या इमारतीचा प्रत्येक थर चढताना माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता. हा दगड नानांसाठी, हा पट्टा नानांसाठी. काम चांगलं व्हायला लोकांवर प्रेम असावं लागतं असं भाषणांत सांगतात. मला तरी डोक्यात राग असला की ओळंबा जास्त सरळ दिसतो.

सभागृह उभं राहिलं. आत शिरलं की घाम अंगावरच वाळतो. छताला उजेडाची भोकं ठेवलीत, आमच्याकडे त्याला सानं म्हणतात. त्यातून उन्हाचे कवडसे फरशीवर पडतात आणि लग्नातली पोरं दिवसभर त्यांच्यावर पाय देत पळतात. भिंतीला पाठ टेकून बसलेला माणूस लवकर उठत नाही. आणि इमारत जगवायची कशी, ते कौसल्याबाईंनी ठरवलं. ज्या घरचं लग्न इथं होईल, त्या घरच्या कर्त्या माणसानं त्याच वैशाखात छताला एक पाटी माती घालायची. स्वतः, डोक्यावरून. गडी पाठवायचा नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: गड्याच्या हातून माती पडली की मालकाला छत ठाऊक राहत नाही, आणि ज्याला छत ठाऊक नाही तो पहिल्या गळतीला पत्रा टाका म्हणतो. मी त्यात एकच नियम घातला. आधी जेवढी जुनी खरवडून खाली आणाल, तेवढीच नवी वर न्यायची.

गेल्या वर्षीच्या वैशाखात नानांच्या नातीचं लग्न ठरलं. त्या तिथीला उमरग्यातली सगळी कार्यालयं भरलेली. नानांनी अर्थातच गावच्या सभागृहाचं नाव घेतलं. नात उमरग्याच्या दवाखान्यात नर्स आहे, तोंडानं आजोबांवर गेलीय. ती म्हणाली, "आबा, मी त्या भट्टीत उभी राहणार नाही. माझ्या लग्नात मीच लोकांना सलाईन लावत बसू का?" हे मला भावानं फोनवर सांगितलं. मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

नाना स्वतः वाडीला गेले. कौसल्याबाईंनी चहा दिला, तारीख दिली आणि मातीचा नियमही सांगितला. नाना म्हणाले, "बगू की."

लग्नाला मला पत्रिका होती. मी गेले. अक्षता झाल्या, पंगती बसल्या. नवऱ्या मुलाचे वडील सोलापूरचे, चांगले अंगानं भरलेले. ते भिंतीला पाठ लावून बसले आणि म्हणाले, "नाना, झकास गार आहे हो. कुणी बांधलं?"

नाना माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाले, "आमच्याच गावची पोरगी हाय."

आमच्याच. जिलबी माझ्या हातात तशीच राहिली. मला वाटलं होतं ते ओशाळतील, विषय बदलतील. पण त्यांनी मला सरळ आपल्या घरच्या सामानात मोजून टाकलं. तेव्हाच मी ठरवलं, मातीच्या दिवशी हजर राहायचं.

मृगाला थोडे दिवस राहिले होते. मी धाराशिवहून सकाळच्या एसटीनं गेले, काम बुडवून. नानांनी आधी दोन गडी आणि मातीची ट्रॉली पाठवून दिली होती. कौसल्याबाईंनी ट्रॉली वळवायला लावली.

"मालकाला सांगा, गुडघं दुखत आसतील तर हळू या. पर तुमीच या."

नाना आले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. जुन्या गावातून भरून आणलेली पाटी दाराशी ठेवलेली होती. गटातल्या बायका सावलीला बसून शेंगा निवडत होत्या. एकीनं आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्यांच्यापुढं धरली. नानांनी ती फेट्यावर ठेवली. दोघींनी पाटी उचलून दिली. बाहेरून दगडी जिना आहे, त्यावरून ते एकेक पायरी चढायला लागले. पांढरी माती सदऱ्यावर, खांद्यावर, भुवयांवर सांडत होती. मी मागून चढत होते, आणि मनातल्या मनात मला इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच शरम वाटायला हवी होती. वाटली नाही.

वर जाऊन त्यांनी पाटी पालथी केली, हात झटकले आणि जिन्याकडे वळले.

"नाना," मी म्हटलं, "आधी जुनी खरवडायची."

"घातली की माती. झालं की आता."

"नुसती वरून घालत गेलो म्हणून तर छतं जड झाली. आमच्या घरावर किती होती ते मला ठाऊक नाही. मी तिथं नव्हते." मी थांबले. हे वाक्य मी कित्येक वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. "तुम्ही होता. तुम्हाला ठाऊक असेल."

खाली शेंगांचा आवाज थांबला.

नानांनी हात मांडीपाशी नेला, तिथून वर, कमरेपर्यंत. "एवढी व्हती," ते म्हणाले. "उकरून उकरून नखं गेली माझी. माती सरतच नव्हती, ताई."

ताई. आयुष्यात पहिल्यांदा.

मी त्यांना खुरपं दिलं. ते उकिडवे बसले आणि जुनी माती खरवडायला लागले. पाटी भरली, तशी ती खाली घेऊन गेले. मग परत वर आले, नवी माती हातानं पसरायला लागले. हात ओळखीचा होता त्या कामाला. घामाचे ओघळ पांढऱ्या चेहऱ्यावरून खाली येत होते. मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. छताचं काम असं थोड्या वाईट वाटण्यावर सोडता येत नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की आता तूही मनातली जुनी माती खरवडून टाक. दिसायला छान आहे हा सल्ला. पण राग मी छतावर ठेवलेला नाही, दरसाल बदलायला. तो मी पायाभरणीत घातलाय. त्यावर वाडीचं सभागृह उभं आहे, आणि नंतर आणखी दोन गावांतल्या अंगणवाड्या. तो काढायचा म्हटला तर वरचं सगळं उतरवावं लागेल.

आज पुन्हा वैशाख आहे. समोर पत्रा वाजतोय. रस्त्यानं येताना पाहिलं, मळ्याची भिंत एका अंगानं पाडलीय आणि नाना खाटेवर बसून गवंड्याकडून ती नव्यानं रचून घेताहेत. मी गाडी थांबवली नाही, पण हळू केली. दोन जागी लांब दगड आरपार गेलेला दिसला. तिसऱ्या जागी नव्हता. परत जाताना सांगेन. चार माणसं तिथं असायची वेळ बघून.

त्या दिवशी वाडीच्या छतावर नानांनी माती पसरली, धोपटली आणि कमरेला हात लावून उभे राहिले. मी बादलीभर पाणी मागवलं आणि छतावर ओतलं. पाणी उताराला लागून पन्हळीकडे निघालं. एका कोपऱ्यात थोडं थबकलं. ताटलीएवढं. ते वाळूनही गेलं असतं. खाली बायका वर मान करून बघत होत्या, नानाही त्या पाण्याकडेच बघत होते, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"नाना," मी म्हटलं, "अजून एक पाटी."